आधी महिना, मग किनारा

दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि आम्ही चौघांनी ठरवलं, यंदा गोवा नाही, डायरेक्ट श्रीलंका! आठ महिने कटिंगसुद्धा मोजून प्यायलो होतो. आमच्यातल्या यवतमाळकराने तर पोहण्याचा क्लास लावला, कारण समुद्र त्याने एकदाच बघितलेला, तोही मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून. फोटो बघून हिक्कडुवाचं बुकिंग केलं. महिना कुठला? जून २०२४. हॉटेल एवढं स्वस्त का, हा प्रश्न एकाही भावी इंजिनिअरला पडला नाही.

पोचलो तर किनाऱ्यावर लाल बावटे, पाणी गढूळ आणि काचेच्या तळाच्या होड्या ताडपत्रीखाली झाकलेल्या. चहावाले काका हसले आणि म्हणाले, "राँग साइड!"

राँग साइड म्हणजे काय, ते आम्हाला परत आल्यावर कळलं. तुम्ही जाण्याआधी वाचा.

श्रीलंका म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक पंचमांश क्षेत्रफळाचं बेट. पण मधोमध डोंगर आहेत. सगळ्यात उंच शिखर पिदुरुतलागला, २,५२४ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही जवळजवळ नऊशे मीटर उंच. मे ते सप्टेंबर नैऋत्येचे वारे येऊन या डोंगरांना धडकतात. हवा वर चढते, थंड होते आणि पाऊस पश्चिम उतारावरच पडतो. वातावाला नावाच्या गावी वर्षाला ५,००० मिमीच्या वर पाऊस पडतो! डोंगर ओलांडून तीच हवा पूर्वेला उतरते तेव्हा कोरडी झालेली असते. थर्मोडायनॅमिक्सचा पेपर आठवा: बाष्पाने भरलेली हवा चढताना दर किलोमीटरला साधारण ६ अंशांनी थंड होते, पण कोरडी हवा उतरताना सुमारे १० अंशांनी तापते. म्हणून पूर्वेकडे या दिवसांत गरम वारा सुटतो, त्याला तिकडे 'कच्चान' म्हणतात. महाबळेश्वर धो धो भिजत असताना खाली वाईला ऊन असतं ना, अगदी तसंच. (हे आम्ही नववीत भूगोलात शिकलो होतो. मार्कही मिळाले होते!)

डिसेंबर ते फेब्रुवारी सगळं उलटं. वारे ईशान्येचे, पाऊस पूर्वेला आणि हिक्कडुवा, बेंटोटा, मिरिस्सा छान निळेशार. म्हणजे मे-जूनच्या सुट्टीत जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्रिंकोमाली, निलावेली किंवा अरुगम बे धरायचं. ऑक्टोबर-नोव्हेंबर शक्यतो टाळा. तेव्हा दोन्हीकडे पाऊस आणि वर बंगालच्या उपसागरातली वादळं. नोव्हेंबर २०२५ च्या दितवा चक्रीवादळाने तिथे शेकडो माणसं गेली आणि डोंगरातल्या रेल्वेमार्गाचंही मोठं नुकसान झालं. त्यामुळे कँडी-एल्ला या प्रसिद्ध गाडीवर अख्खा बेत बांधण्याआधी ती कुठून कुठपर्यंत चालू आहे ते विचारून घ्या.

डोंगरात जाणार असाल तर अजून एक गणित करा. सरासरी दर हजार मीटरला साडेसहा अंश कमी. नुवारा एलिया सुमारे १,८७० मीटरवर आहे. कोलंबोत ३० अंश, तर तिथे १८ च्या आसपास. 'विषुववृत्ताजवळ कसली थंडी' म्हणत आम्ही स्वेटर नेला नाही आणि रात्रभर टॉवेल पांघरून कुडकुडलो.

पंचांगही जवळ ठेवा. दर पौर्णिमेला तिथे 'पोया'ची सार्वजनिक सुट्टी असते, मांस आणि दारूची विक्री बंद आणि बस-गाड्यांना तोबा गर्दी. त्या दिवशी लांबचा प्रवास नको. व्हिसाचे नियम आणि फी वारंवार बदलतात, तेव्हा सरकारी संकेतस्थळावरच बघा, मिळत्याजुळत्या नावाच्या एजंटांच्या साइटवर नको. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा. घड्याळ मात्र बदलावं लागत नाही, वेळ आपलीच.

आम्ही पूर्वेला का नाही गेलो? हिक्कडुवाहून त्रिंकोमाली म्हणजे सगळा दिवस बसमध्ये. हातात दिवस उरले होते दोन आणि हॉटेलचे पैसे परत मिळणार नव्हते. यवतमाळकर हॉटेलच्या हौदाएवढ्या तलावात पोहला. कॅम्पस प्लेसमेंटनंतर पुन्हा जायचं म्हणतोय, आणि या वेळी बुकिंग तोच करणार आहे. आम्हाला कुणालाच हात लावू देत नाही.