फुलबागेतील भाजी : खानदेशच्या वसंतातील एक दुर्लक्षित शिदोरी

फाल्गुन सरत आला की तापी खोऱ्यातील भाजीबाजार रोडावू लागतो. विहिरींचे पाणी खाली जाते, मेथी-पालकाचे वाफे उन्हाने करपतात आणि जळगाव-भुसावळच्या परिसरात पारा ४० अंशांच्या वर चढू लागतो. मे महिन्यात तो कित्येकदा ४५ अंशांचाही टप्पा ओलांडतो. धुळे जिल्ह्याच्या कोरडवाहू गावांत तर होळीनंतर ताटातील हिरवी भाजी जवळजवळ नाहीशीच होते, आणि डाळ, बेसन, वाळवलेल्या भाज्या व ठेचा यांवर भाकरीची वेळ भागविली जाते. नेमक्या याच दिवसांत कचेरीच्या आवारातील कांचन कळ्यांनी लवलेला असतो, शाळेच्या कुंपणालगतचा शेवगा पांढऱ्या तुऱ्यांनी भरून गेलेला असतो आणि थोड्याच दिवसांत बहाव्याचे पिवळे झुंबर लोंबू लागते. ही झाडे शोभेसाठी लावलेली असल्याने त्यांच्याकडे कोणी भाजी म्हणून पाहत नाही. वास्तविक त्यांपैकी कित्येक आपल्या देशात पिढ्यान् पिढ्या खाल्ली जात आहेत.

हा प्रश्न केवळ चवीचा नाही. २०१९-२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयाने ग्रस्त होती. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत आणि एखाद्या फुलाच्या भाजीने तो दूर होईल असा दावा करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तथापि वर्षातील तीन-चार महिने आहारातून हिरवा पाला व ताजी भाजी हद्दपार होणे, ही त्या अनेक कारणांतील एक बाब आहे आणि तिच्यावरील उपाय गावाच्या हाती आहे.

शोभेचे झाड आणि भाजीचे झाड हा भेद वनस्पतीत नसून पुष्कळदा पाहणाऱ्याच्या दृष्टीत असतो. उद्यानांच्या कडेला लाल, पिवळ्या व हिरव्या पानांचा जो रंगीत राजगिरा हौसेने लावला जातो, तो वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बाजारातील लाल माठाच्याच जातीचा आहे. खानदेशात कळण्याच्या भाकरीबरोबर आवडीने खाल्ली जाणारी अंबाडी ही देवपूजेतील जास्वंदीची सख्खी बहीण होय. मांडवावर चढविलेला लाल देठांचा मायाळू पाहुण्यांना वेल म्हणून दाखविला जातो आणि त्याच पानांची भजीही तळली जातात. कुंड्यांतून फुलणारा चिनी गुलाब हा उन्हाळ्यात भाजीवाल्यांकडे मिळणाऱ्या चिवळीच्या व घोळीच्या कुळातलाच आहे. अन्य देशांतही असेच आढळते. युरोप-अमेरिकेत सावलीतील शोभेचे रोप म्हणून लावल्या जाणाऱ्या होस्टाचे कोवळे कोंब जपानमध्ये 'उरुई' या नावाने वसंतातील भाजी म्हणून विकले जातात, तर चीनमध्ये डे-लिलीच्या कळ्या वाळवून वर्षभर रश्शात घातल्या जातात.

कांचनाच्या कळ्या

खानदेशाच्या दृष्टीने या यादीत पहिला मान कांचनाचा. दोन पाळ्यांच्या, आपट्यासारख्या पानांचे हे झाड बौहिनिया या वंशातील आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांतील बौहिन नावाच्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांची आठवण म्हणून, पानाच्या जोडपाळ्या पाहून, लिनिअसने वंशाला हे नाव दिले. माघापासून चैत्रापर्यंत फुलणाऱ्या कांचनाच्या न उमललेल्या कळ्या उत्तर भारतात 'कचनार' या नावाने बाजारात येतात व तेथे ती मानाची भाजी समजली जाते. आपल्याकडे मात्र कांचनाची आठवण होते ती दसऱ्याला, आणि तीही चुकीने! आपट्याची पाने समजून कांचनाच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात व सोने म्हणून वाटल्या जातात. आपट्याचे पान लहान व जाडसर असते, कांचनाचे मोठे व पातळ. एवढा फरक शिक्षकांनी मुलांना एकदा प्रत्यक्ष दाखविला तरी वसंतातील बहराच्या कितीतरी फांद्या वाचतील.

कळ्या तोडताना त्या हिरव्या, घट्ट मिटलेल्या असाव्यात. त्यांत तुरट द्रव्य बरेच असल्याने मीठ घातलेल्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे उकळून ते पाणी टाकून द्यावे लागते. नंतर पिळून, बारीक चिरून लसूण, हिरवी मिरची व जिऱ्याच्या फोडणीत परताव्यात. शेवटी शेंगदाण्याचा कूट घातला की भाजी खानदेशी ताटाला शोभेशी होते. ताकात बेसन कालवून केलेली पातळ भाजीही चांगली लागते. ज्या घरात ही भाजी प्रथमच होणार असेल, तेथे उकळलेले पाणी टाकण्याचा कंटाळा करू नये. एकदा तुरट लागलेली भाजी मुले पुन्हा तोंडाला लावीत नाहीत.

शेवग्याच्या शेंगा सर्वत्र खाल्ल्या जातात. फुलांना आणि पानांना मात्र तो मान मिळालेला नाही. शेवग्याला जेवढी फुले येतात त्यांतील फारच थोड्यांच्या शेंगा होतात व उरलेली गळून पडतात. म्हणून सकाळी झाडाखाली स्वच्छ धोतर वा चादर अंथरून ठेवल्यास शेंगांचे यत्किंचितही नुकसान न होता भाजीपुरती फुले मिळतात. निवडून, धुऊन, कांद्यावर परतून वरून पीठ पेरले की झाले. हादग्याची, म्हणजेच अगस्त्याची, मोठी पांढरी वा लाल फुले अशीच पीठ लावून करतात. केवळ मधला पुंकेसरांचा कडवट दांडा आधी काढून टाकावा. राज्याच्या काही भागांत हे झाड हेटा या नावाने ओळखले जाते. ज्याच्या नावाने आश्विनात मुली फेर धरतात, ते झाड त्यांच्यापैकी किती जणींनी पाहिले असेल, हा प्रश्नच आहे.

पोषणाचा हिशेब करताना फूल आणि पान यांत गल्लत होता कामा नये. फुलांत बहुतांशी पाणीच असते. पोषणाचे खरे भांडार पानांत आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम शेवग्याच्या पानांत सहा ग्रॅमहून अधिक प्रथिने व ३०० ते ४४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर हादग्याच्या पानांत सुमारे आठ ग्रॅम प्रथिने व ९०० मिलिग्रॅमच्या पुढे कॅल्शियम आढळते. पालेभाजीतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही, त्यासाठी आंबट पदार्थाची जोड लागते. चैत्रात कैरी गावोगावी उपलब्ध असतेच. लिंबू असल्यास उत्तम. माठ व घोळ यांत ऑक्झॅलेटचे प्रमाण अधिक असल्याने मूतखड्याचा विकार असलेल्यांनी या भाज्या बेताने खाव्यात.

जिल्ह्याचे आपले फूल

जळगावच्या बाबतीत एक विसंगती विशेष नजरेत भरते. रावेर व यावल तालुक्यांचा केळीपट्टा देशभर प्रसिद्ध असून जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. जून-जुलैमध्ये लावलेली मृगबाग माघ-फाल्गुनाच्या सुमारास निसवते. घडातील शेवटची फणी बाहेर पडल्यावर खाली लोंबणारे केळफूल कापून टाकणे ही शास्त्रशुद्ध पद्धत आहे, कारण त्यामुळे फळांचे पोषण चांगले होते. हे कापलेले केळफूल कोकणात व मुंबईत मोठ्या हौसेने शिजविले जाते. केळीच्या या आगरात मात्र ते बहुधा बांधावर पडते किंवा गुरांपुढे जाते. वरची जांभळी पाने सोलून आतील प्रत्येक फुलातील कडक दांडी व पातळ पापुद्रा काढण्याचे काम किचकट असते, चीक हाताला लागतो व काळा डाग धरतो, हे खरे. तेलाचा हात घेऊन निवडणे, चिरलेली फुले ताकाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवणे, हे त्यावरील घरगुती उपाय कोकणातील गृहिणींच्या अंगवळणी पडलेले आहेत. बचत गटांनी निवडलेले केळफूल शहरात पोहोचविल्यास त्यास गिऱ्हाईक मिळण्यास अडचण पडू नये.

मात्र येथे एक इशारा अत्यावश्यक आहे. फुलकिडींच्या बंदोबस्तासाठी घड बाहेर पडण्याच्या वेळी केळफुलातच कीटकनाशक टोचण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. अशा बागेतील केळफूल कोणत्याही परिस्थितीत खाऊ नये. बागाईतदाराला विचारल्याशिवाय ते उचलू नये आणि बागाईतदारानेही मजुरांना तसे स्पष्ट सांगावे.

सातपुड्याच्या कुशीतील पावरा, भिल्ल व तडवी वस्त्यांत फुले, कळ्या व कोवळा पाला यांना आहारात पूर्वापार स्थान आहे. मोहाची फुले वाळवून साठविली जातात. काटेसावरीच्या कोवळ्या कळ्या व बहाव्याची फुले यांचीही भाजी देशातील अनेक आदिवासी समाज करतात. बहाव्याची फुले खाद्य असली तरी त्याच्या शेंगेतील गर जुलाब घडविणारा आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. राज्याच्या कृषी विभागाने २०२० पासून जागतिक आदिवासी दिनाच्या, म्हणजे ९ ऑगस्टच्या निमित्ताने रानभाजी महोत्सवांस प्रारंभ केला व त्यांना चांगला प्रतिसाद लाभला. परंतु ऑगस्टमध्ये भरणाऱ्या महोत्सवात स्वाभाविकच पावसाळी भाज्यांचे राज्य असते. भाजीचा खरा तुटवडा भासतो तो चैत्र-वैशाखात, आणि त्या दिवसांतील फुलभाज्यांचे प्रदर्शन सहसा कोणी मांडीत नाही. एखाद्या पंचायत समितीने होळीच्या सुमारास असा मेळावा भरविल्यास माहितगार स्त्रियांच्या ज्ञानाला व्यासपीठ मिळेल.

जे खाऊ नये ते

या विषयावर शाळेत बोलताना विषारी झाडांची ओळख आधी आणि खाद्य झाडांची नंतर, हा क्रम कधीही बदलू नये. बागेत आहे म्हणून ते निरुपद्रवी, अशी समजूत मुलांमध्ये सहज रुजते. प्रत्यक्षात रस्त्यांच्या दुभाजकांत सर्रास दिसणारी कण्हेर आणि कुंपणाला लावलेली पिवळी कण्हेर, जिला बिट्टी असेही म्हणतात, यांचे सर्व भाग हृदयावर घातक परिणाम करणारे आहेत. कळलावीचा कंद, धोत्रा, गुंजेचे बी यांपासून प्राणहानी होऊ शकते. सदाफुलीपासून कर्करोगावरील औषधे काढली जातात, याचा अर्थ ती घरी चघळावी असा मुळीच नाही. स्पायडर लिलीचा कंद कांद्यासारखा दिसतो व तो विषारी असतो. दिवाणखान्यातील डिफेनबेकियाचे पान चावल्यास जीभ व घसा सुजतो.

सर्वांत फसवे उदाहरण गिरिपुष्पाचे आहे. माघ-फाल्गुनात त्याच्या निष्पर्ण फांद्यांवर येणारी फिकट गुलाबी फुले हादग्याच्या फुलांप्रमाणेच वाटाण्याच्या घाटाची असतात. या झाडाला दुसरे नाव आहे उंदीरमारी, आणि ते नाव त्याच्या सालीच्या व बियांच्या उपयोगावरून पडले आहे. वाटाण्यासारखे फूल म्हणजे खाद्य फूल, असा ढोबळ नियम कोणीही मानू नये. गावातील जाणत्या व्यक्तीने झाड प्रत्यक्ष ओळखून दिल्याखेरीज काहीही तोडू नये. कोणतीही नवी भाजी प्रथम थोडीच, शिजवून व मोठ्यांनी खावी. शालेय पोषण आहाराच्या पातेल्यात तर घरोघरी रुळलेली भाजीच पडावी, प्रयोग नव्हे.

रोपवाटिकेतून आणलेल्या गुलाबादी रोपांवर औषधांची फवारणी झालेली असते, तीच गोष्ट हारवाल्याकडील फुलांची. महामार्गालगतच्या झाडांवर धूर व धूळ बसते, आणि गटारीच्या कडेची घोळ कितीही टवटवीत दिसली तरी टाकाऊच समजावी. म्हणून भाजीची झाडे कोठे लावावीत याचा विचार लागवडीच्या वेळीच व्हावयास हवा.

ग्रामपंचायतींच्या वृक्षलागवडीत आजही गुलमोहराला झुकते माप मिळते. मादागास्करहून आलेले हे झाड दिसते देखणे. परंतु वादळात ते लवकर उन्मळते आणि त्याच्यापासून ताटात काही पडत नाही. त्याच खड्ड्यात कांचन लावल्यास शोभाही साधते व तीन-चार वर्षांत कळ्याही मिळू लागतात. शाळांच्या परसबागांविषयी केंद्र शासनाने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या आहेत. त्या बागांच्या कुंपणावर शेवगा व हादगा यांची रांग सहज बसते आणि मुलांच्या हात धुण्याचे पाणी चरातून त्यांच्याकडे वळविल्यास उन्हाळाही निभतो. सुट्टीतील पाणी देण्याची जबाबदारी कोणाची, हे मात्र एप्रिलपूर्वीच ठरलेले असावे. अनेक परसबागा नेमक्या याच मुद्द्यावर वाळतात.

पी.के.एम.-१ जातीचा शेवगा बियांपासून लावल्यास सहा ते आठ महिन्यांत फुलावर येतो. झाड छातीएवढे झाले की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटून पाला व फुले हाताशी राहतात. हादगा त्याहूनही झपाट्याने वाढतो, परंतु त्याचे लाकूड ठिसूळ असते व आयुष्यही थोडे. तेव्हा तो वर्गखोल्यांपासून व विजेच्या तारांपासून दूर लावावा, उंच जाऊ न देता दरवर्षी छाटावा आणि जुने झाड काढण्यापूर्वी दोन वर्षे आधी शेजारी नवे बी टोकून ठेवावे.