सातव्या महिन्यातले बाळ आणि वयाचा हिशोब

हडपसरच्या आमच्या वस्तीत एका भगिनीचे बाळ २८ आठवड्यांतच जन्मले. दोन महिने काचेच्या पेटीत काढून घरी आले. सहा महिने झाले तरी कुशीवर वळेना. शेजारच्या आजी बोलून गेल्या, "पोर मंद निघालं गं." आम्ही पडलो कारकून, हिशोब मांडून दाखवला. ४० आठवड्यांतून २८ वजा केले की उरतात १२, म्हणजे जवळपास तीन महिने. ते सहातून वजा करा. बाळ खरे तर तीनच महिन्यांचे! दोन वर्षांपर्यंत डॉक्टरही असेच वय धरतात. त्या रात्री ती माउली पोटभर जेवली.

"सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही" हेही खोटे. पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच. शेवटच्या तीन महिन्यांत मेंदू झपाट्याने वाढतो. २८ व्या आठवड्यात तो बराचसा गुळगुळीत असतो, बहुतेक वळ्या पुढे पडतात. या बाळांना ते काम बाहेर, उजेडात आणि यंत्रांच्या आवाजात करावे लागते. म्हणून आईचे दूध आणि उघड्या छातीची ऊब. ही 'कांगारू' पद्धत १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली. बापानेही बाळ असे धरावे, त्यात लाजायचे काय?

आता आपल्या पुण्यातले. रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. सुधा चौधरी व सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळातील, दोन किलोंहून कमी वजनाची बाळे अठरा वर्षांची होईपर्यंत पुन्हा पुन्हा बोलावून तपासली. बाराव्या वर्षी त्यांचा सरासरी बुद्ध्यांक ८९.५ भरला, पुरेशा वजनाने जन्मलेल्यांचा ९७.२. फरक आहे, पण सरासरी सर्वसाधारण मर्यादेतच. जी वेळेआधी आली आणि तेवढ्या आठवड्यांच्या मानानेही हलकी होती, ती सर्वांत मागे राहिली. त्यांना वाचन, गणित जड गेले. आईचे शिक्षण मात्र मुलाला हात देते, असे दिसले. मुलीला आठवीतून काढणाऱ्या बापांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

एक गोष्ट विसरू नका. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोंहून हलक्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा पहिल्या महिन्याच्या आतच तपासून घ्या. उशिराने दृष्टी जाऊ शकते.

आमच्या वस्तीतल्या बाळाची पुढची तपासणी बापाची रोजी बुडते म्हणून टळत होती. आता त्या शेजारच्या आजीच सुनेसारखे त्या माउलीला सोबत घेऊन बसने जाणार आहेत.