रुपया, डॉलर आणि चिंतामणराव

दर पंधरा ऑगस्टला पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक संदेश हमखास फिरतो: 1947 साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता, कारण देशावर कर्ज नव्हतं. आणि तेव्हा रिझर्व्ह बँकेत आपला मराठी माणूस होता!

यातलं शेवटचं खरं. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख 1943 ते 1949 गव्हर्नर होते, त्या पदावरचे पहिले भारतीय. बाकीचा हिशेब मात्र चुकीचा. रुपया तेव्हा पौंडाला बांधलेला होता, 1 शिलिंग 6 पेन्सला एक. पौंड 4.03 डॉलरचा, म्हणजे डॉलर पडायचा सुमारे 3.31 रुपयांना.

कर्जाची गोष्ट तर त्याहून मजेदार. उलट ब्रिटनच आपलं देणं लागत होतं. महायुद्धात इथून उचललेल्या मालाचे पैसे लंडनमध्ये पौंडांत साचत गेले. ऑगस्ट 1947 मध्ये ही रक्कम सुमारे 116 कोटी पौंड होती. 1944 च्या ब्रेटन वुड्स परिषदेत हा प्रश्न भारतानं मांडला. देशमुख त्या शिष्टमंडळात होते. पण ब्रिटन ती रक्कम एकदम मोकळी करायला तयार नव्हतं. पैसा आपला, पण हात लावायचा तर त्यांना विचारून.

रुपयाचा भाव गव्हर्नर ठरवतो, हाही समज पक्का. सप्टेंबर 1949 मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं आणि भारत सरकारनं रुपयाही खाली आणला, डॉलर 4.76 रुपयांवर गेला. देशमुख 30 जूनलाच पायउतार झाले होते, पण खुर्चीत असते तरी निर्णय सरकारचाच होता. आज भाव बाजारात ठरतो, बँक डॉलर विकून-घेऊन चढउतार आवरते. व्याजदरही गव्हर्नर एकटा ठरवत नाही. 2016 पासून सहा जणांची समिती ठरवते. मतं समसमान पडली तरच गव्हर्नरांचं जादा मत. आणि एक रुपयाच्या नोटेवर त्यांची सहीसुद्धा नसते. ती नोट भारत सरकारची, सही वित्त सचिवांची.

सगळ्यात चिवट गैरसमज म्हणजे रुपया वधारला की देश सावरला. 1949 साली पाकिस्ताननं आपला रुपया खाली आणला नाही. परिणाम? पूर्व बंगालचा ताग भारताला महाग झाला, कलकत्त्याच्या गिरण्यांना कच्चा माल मिळेना आणि दोन्ही देशांचा व्यापार अडला. ताठ चलनाचा फायदा तिथल्या शेतकऱ्याला झाला नाही. आजही हिंजवडीतल्या कंपनीची कमाई डॉलरमध्ये, तर परदेशी शिकणाऱ्या मुलाची फी भरणाऱ्या कोथरूडकराचा खर्च डॉलरमध्ये. रुपया पडला की एकाला बरं, दुसऱ्याला घोर.

1991 चं उदाहरण अजून बोलकं आहे. परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचं सुमारे 47 टन सोनं लंडनला गहाण गेलं, रुपयाचं दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं. मार्च 1994 पर्यंत गंगाजळी सुमारे 1,900 कोटी डॉलरवर पोचली होती. त्या काळात डॉलर मात्र 21 रुपयांवरून 31 च्या पुढे गेला होता.