लांबी वाढवायचं यंत्र: पैसे टाकण्याआधी ऐका

हेडफोन लावा, आजचा विषय घरात मोठ्याने लावण्यातला नाही.

मी निजामपुऱ्यात राहतो. इथे लूमवर राबणारा पोरगा पगाराबद्दल चारचौघांत बोलेल, पण लिंगाच्या लांबीबद्दल फक्त मोबाइललाच विचारेल. आणि मोबाइल काय, लगेच यंत्र विकायला बसतो.

ते यंत्र म्हणजे एक्स्टेंडर. एक कडं लिंगाच्या मुळाशी, दुसरं टोकामागे, मध्ये दोन दांड्या. रोज तासन्‌तास ताण द्यायचा. कल्पना अगदीच थापेची नाही. लिंग वाकडं होण्याचा पेरोनी नावाचा आजार असतो, त्यात डॉक्टर कधीकधी असा ताण वापरतात. इटलीत २००९ साली एक छोटा अभ्यास छापून आला. २१ पुरुष, रोज किमान चार तास, सहा महिने. ताणून मोजलेली लांबी सरासरी १.७ सेंटीमीटर वाढली, जाडीत फरक नाही. आता बारा तासांची पाळी करणाऱ्याने रोजचे चार तास आणायचे कुठून? शिवाय २१ माणसांवरून 'गॅरंटी' देता येत नाही. जाहिरातवाला मात्र बिनधास्त देतो.

ऑपरेशनचं गणित आणखी वेगळं. लिंगाचा बराच भाग शरीराच्या आत असतो आणि एक बंध त्याला हाडाशी धरून ठेवतो. तो बंध कापला की आतला भाग थोडा बाहेर दिसतो. म्हणजे नवीन काही वाढतच नाही! लंडनमध्ये अशा ४२ रुग्णांची पाहणी झाली, ती २००६ साली प्रसिद्ध झाली. सरासरी वाढ १.३ सेंटीमीटर, आणि समाधानी होते जेमतेम एक तृतीयांश. बंध गेल्यावर ताठ झालेलं लिंग वर न राहता खाली झुकू शकतं, डगमगू शकतं. जाडीसाठी चरबी टोचतात, ती कमीजास्त विरघळते आणि गाठी राहतात. हे दोन्ही उपाय सुरक्षित किंवा परिणामकारक असल्याचं सिद्ध झालेलं नाही, असं अमेरिकेतल्या यूरोलॉजिस्टांची संघटनाच सांगते.

बरं, 'नॉर्मल' किती? २०१५ साली १५ हजारांहून जास्त पुरुषांची मापं एकत्र केली गेली. ताठ लिंगाची सरासरी निघाली १३.१२ सेंटीमीटर, जेमतेम सव्वापाच इंच. व्हिडिओत दिसतं त्याच्याशी तुलना करू नका, तिथे माणसं निवडून घेतात. ताठ लांबी साडेसात सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तरच ऑपरेशनचा विचार करावा, असं १९९६ सालापासून सांगितलं जातंय. मोजताना पट्टी हाडापर्यंत दाबायची, पोटाची चरबी फसवते.

मुंबई मिररमध्ये डॉ. महिंदर वत्स वर्षानुवर्षं लैंगिक प्रश्नांना उत्तरं देत. २०२० साली ९६ व्या वर्षी ते गेले. आकाराची काळजी हा त्यांच्याकडे नेहमी येणारा प्रश्न.

आणि गोळ्या, तेलं? आपल्या औषध नियमांच्या परिशिष्ट 'जे' मध्ये लिंगाचा आकार वाढवण्याचा दावा औषधाला करताच येत नाही, असं लिहिलंय. म्हणजे बाटलीवर तसं छापलेलं असेल तर विकणारा नियम मोडतोय.

कुणी यंत्र घेऊन बसलाच असेल, तर एवढं ऐका. बधिरपणा आला, टोक निळं-काळं पडलं किंवा दुखायला लागलं, तर लगेच काढा. काढल्यावरही रंग परत येत नसेल किंवा सूज उतरत नसेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. केस पेपर काढताना 'यूरोलॉजी' म्हणा, बाकीचं आत डॉक्टरांना सांगा.