गावठाणाची रेघ कुठे संपते, ते आधी बघा

घणसोली, गोठिवली, करावे, दिवाळे. नवी मुंबईतल्या या गावांत एकदा पायी फिरून या. जुन्या कौलारू घराचा ओटा अजून दिसतो, त्याला चिकटून चार-पाच मजली इमारत, आणि मधली गल्ली एवढी अरुंद की रुग्णवाहिका आत वळत नाही. रस्ता ओलांडला की सिडकोचा नोड, रुंद रस्ते, बागा. हे असं का झालं, ते उरण, पनवेल, पेणवाल्यांनी आता समजून घेतलं पाहिजे. कारण ऑक्टोबर 2024 मध्ये या तालुक्यांतल्या 124 गावांसाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण नेमलंय.

1970 मध्ये सिडको आली. ठाणे, पनवेल आणि उरणमधल्या 95 गावांची जमीन संपादनात गेली. शेती गेली, गावठाण राहिलं. गावठाण म्हणजे गावाच्या राहत्या वस्तीची जागा. तिची हद्द महसूल कायद्याच्या कलम 122 खाली जिल्हाधिकारी ठरवतात. ही रेघ होती तिथेच राहिली आणि कुटुंबं वाढत गेली. तीन मुलगे झाले, त्यांची लग्नं झाली. आपल्याकडे असं झालं की खळ्याच्या कडेला एक घर उठतं. इथे खळंच सिडकोच्या नावावर! तरी लोकांनी तिथेच बांधलं, कारण जमीन बापजाद्यांची. तीच ही 'गरजेपोटी बांधलेली घरं'. एका भावाचं घर रेघेच्या आत म्हणून कायदेशीर, दुसऱ्याचं दहा पावलांवर, पण अनधिकृत.

साडेबारा टक्के भूखंड मिळाले ना, असं कुणी विचारेल. मिळाले. त्यासाठी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोळीबारात पाच शेतकरी गेले. पण हिशेब बघा. एक एकर म्हणजे 40 गुंठे, त्याचे साडेबारा टक्के म्हणजे 5 गुंठे. त्यातले पावणेचार टक्के सार्वजनिक सोयींसाठी कापले की हातात साडेतीन गुंठे. त्यातही भावाभावांच्या वाटण्या. कित्येकांनी तो बिल्डरला देऊन टाकला.

सगळंच बांधकाम गरजेपोटी झालं, असंही नाही. भूमिपुत्राचं नाव पुढे करून विकण्यासाठी इमारती उठल्या. दिघ्यातल्या 99 बेकायदा इमारतींचं प्रकरण 2015 मध्ये हायकोर्टात गाजलं. तिथे आयुष्यभराची कमाई घालून घरं घेणारेच भरडले गेले.

फेब्रुवारी 2022 च्या शासन निर्णयात गावठाणापासून 250 मीटरपर्यंतची घरं नियमित करायचं ठरलं, पण जमीन भाडेपट्ट्याने. आमचीच जमीन आम्हाला भाड्याने का, हा लोकांचा सवाल. दुसरा उपाय सांगतात तो क्लस्टरचा. घरं पाडून एकत्र टॉवर, एफएसआय चारपर्यंत, म्हणजे शंभर मीटर जागेवर मजले मिळून चारशे मीटर बांधकाम. रस्ता रुंद होईल, हे खरं. पण जाळी कुठे पसरायची, मासळी कुठे सुकवायची, हळदीचा मांडव कुठे घालायचा? आगरी-कोळी माणसाला ओटा-अंगण म्हणजे निम्मं घर. माझ्या मते लोकांचा विरोध विकासाला नाही, घराखालची जमीन सोडण्याला आहे.

आपल्या गावात अजून वेळ आहे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावठाणाचा नकाशा काढा आणि आपलं घर आत आहे की बाहेर ते बघा. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झाली असेल तर घराची मिळकत पत्रिका घ्या, त्यातली नावं आणि क्षेत्र तपासा. घरपट्टीची पावती जपून ठेवा, पण ती मालकीचा पुरावा नाही, हे लक्षात असू द्या. गावठाण विस्ताराचा ठराव ग्रामसभेत घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचा तर आराखडा यायच्या आधीच. मसुदा प्रसिद्ध झाला की हरकतीला मोजकेच दिवस मिळतात. हरकत लेखीच द्या आणि पोच घ्या. तिच्यावर शिक्का आणि तारीख उमटलीय का, ते तिथेच उभं राहून बघा.