ओसरी, माजघर आणि हातातला फोन

माझ्या आजोबांच्या घरी एक रेडिओ होता. तो ठेवायचा तर त्या काळी पोस्टात पैसे भरून परवाना काढावा लागे. म्हणजे गावात रेडिओ कोणाकडे आहे हे सरकारला ठाऊक असे; पण त्या रेडिओवर आजोबा बाजारभाव ऐकतात की कीर्तन, की मधेच कान पिरगाळून तो बंद करतात, हे मात्र कोणालाच कळत नसे. रेडिओ बोलत असे, ऐकत नसे.

१९५६ साली पुणे परिसरात आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोता मंडळांचा एक प्रयोग केला. सुमारे दीडशे गावांतून लोक ठरलेल्या दिवशी रेडिओभोवती जमत, कार्यक्रम ऐकत, त्यावर आपसांत चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. श्रोत्याने आपल्याविषयी काय कळवायचे ते श्रोताच ठरवीत असे. जे कळवले नाही ते त्याच्यापाशीच राहत असे.

आज आपल्या सदऱ्याच्या खिशात जो फोन असतो, त्याची गोष्ट निराळी आहे. तो बोलतो आणि ऐकतोही. ऐकतो म्हणजे कोणी माणूस पलीकडे कान लावून बसला आहे असे नव्हे. आपण काय शोधले, कोणत्या चित्रफितीपाशी किती वेळ थांबलो, कोणत्या गावाहून कोणत्या गावाला गेलो, याची नोंद होत राहते. सोयाबीनवरील अळीचे औषध आपण एकदा शोधावे, आणि मग चार दिवस जिकडे पाहावे तिकडे औषधांच्या जाहिराती दिसाव्यात, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना आला असेल. त्यात जादू काही नाही. वापरायला फुकट मिळणाऱ्या या सोयी चालवणाऱ्या मोठ्या कंपन्यांचे बरेचसे उत्पन्न जाहिरातींतून येते. कोणाला काय हवे आहे हे जितके नेमके कळेल, तितकी जाहिरात महाग विकली जाते. म्हणजे आपण पैसे देत नाही, नोंदी देतो.

येथे कोणी म्हणेल, “पण व्हॉट्सॲपवरचा मजकूर तर कुलपात असतो ना?” असतो, हे खरे आहे. २०१६ सालापासून तेथील निरोप असे सांकेतिक करून पाठवले जातात की, पाठवणारा आणि घेणारा यांच्या फोनखेरीज मधे कोणाला ते वाचता येऊ नयेत. पोस्टकार्ड आणि बंद पाकीट यांत जो फरक, तोच हा. परंतु पाकीट कितीही चिकटवले तरी त्यावरचा पत्ता पोस्टमनला दिसतोच. त्याचप्रमाणे कोणी कोणाला, केव्हा आणि किती वेळा निरोप पाठवला, ही माहिती मजकुराहून वेगळी असते, आणि तिला तेवढे संरक्षण नसते. शिवाय पाकीट ज्याच्या हाती पडले त्यानेच ते फोडून चावडीवर वाचले, तर कोणते कुलूप काय करणार?

आमच्या गावचे आप्पा एकदा मला म्हणाले, “सर, तुमचं समदं खरं. पण आमच्याकडं लपवण्यासारखं हाय काय? सातबारासुद्धा आता फोनवर दिसतो. चोराला भ्यावं चोरानं.”

आप्पांचा प्रश्न साधा नाही. पुष्कळ शिकलेली माणसेही हाच प्रश्न विचारतात. मी त्यांना म्हटले, “आप्पा, तुमच्या घराला ओसरी आहे, माजघर आहे. ओसरीवर वाटसरूसुद्धा टेकतो, पाणी पितो, पुढे जातो. माजघरात सोयरेधायरे येतात. आणि धान्याच्या कणगीमागे काय ठेवले आहे ते फक्त काकूंना ठाऊक. मग माजघरात तुम्ही चोरी करता म्हणून का दार लोटून घेता?”

आप्पा हसले. “सर, सुनाबाळा असत्यात घरात. दार लोटावंच लागतं.”

हेच ते. खाजगीपण म्हणजे लपवाछपवी नव्हे. कोणाला कुठपर्यंत येऊ द्यायचे हे घरच्या माणसाने ठरवायचे, एवढाच त्याचा अर्थ. सातबारा ही ओसरीवरची वस्तू आहे. जमीन कोणाची हे चार लोकांना कळावे म्हणूनच ती नोंद असते. पण बँकेचे पासबुक, दवाखान्याचा कागद, मुलीच्या लग्नाची बोलणी या गोष्टी माजघरातल्या. माहिती तीच, पण ती ओसरीवर मांडली की तिचे मोल बदलते.

हे मी शहाणपणाने सांगतो आहे असे मात्र समजू नका. मी ते स्वतःच्या चुकीतून शिकलो.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गाची शिष्यवृत्तीची यादी आली. अर्जातील त्रुटी दुरुस्त करण्यासाठी दोनच दिवस उरले होते. प्रत्येकाला गाठून सांगण्याइतका वेळ नव्हता, म्हणून मी ती सगळी यादी वर्गाच्या ग्रुपवर टाकली. तीत नाव होते, जातीचा प्रवर्ग होता, बँकेचा खाते क्रमांक, मोबाइल क्रमांक आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्नही होते. संध्याकाळपर्यंत ती यादी आणखी कुठकुठल्या ग्रुपांवर गेली. मी ती काढून टाकली, पण ज्यांनी ती आपल्या फोनमध्ये उतरवून घेतली होती त्यांच्याकडे ती राहिलीच. विहिरीत पडलेला पोहरा गळ टाकून काढता येतो. हे तसे नव्हते.

तिसऱ्या दिवशी एक विद्यार्थिनी भेटायला आली. तिला कोणाचा तरी फोन आला होता. त्याने तिचे नाव सांगितले, खाते क्रमांक बरोबर सांगितला, आणि ‘शिष्यवृत्ती जमा करायची आहे, आलेला आकडा सांगा’ म्हणून घाई केली. मुलगी हुशार, तिने फोन ठेवून दिला. मी तिचे कौतुक करू लागलो. ती म्हणाली, “चोराला मी आकडा सांगितला नाही, सर. पण आमच्या घरचं वर्षाचं उत्पन्न सगळ्या वर्गानं वाचलं.”

पैसे वाचले होते. गेले होते ते दुसरेच काही. तिच्या घरच्या दारिद्र्याचा आकडा तिने सरकारला एका कामासाठी विश्वासाने दिला होता. मी तो तिच्या मैत्रिणींच्या हातात ठेवला. दुसऱ्या दिवशी वर्गापुढे मी माझी चूक कबूल केली. त्यानंतर ती मुलगी पहिल्या बाकावर पुन्हा बसली नाही.

शिक्षकबंधुभगिनींनो, म्हणूनच मला वाटते की या प्रश्नाचा आपल्याशी फार जवळचा संबंध आहे. आपण आपली माहिती सांभाळावी हे तर आहेच. पण आपल्या हाती दुसऱ्याची माहिती असते, ती ठेव आहे. शाळेच्या हजेरीपटात, दाखल्यांच्या फायलीत शेकडो घरांची माजघरे असतात. मोफत गणवेश घेणाऱ्या मुलांना रांगेत उभे करून काढलेले छायाचित्र ग्रुपवर टाकताना आपला हेतू चांगलाच असतो. परंतु त्या रांगेतल्या मुलाला आणखी दहा वर्षांनी ते छायाचित्र कसे वाटेल, हे क्षणभर मनात आणावे.

कायद्यानेही आता याची दखल घेतली आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने असा निर्णय दिला की, खाजगीपण हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत अधिकार आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी आधार योजनेला दिलेल्या आव्हानातून तो खटला उभा राहिला होता. पुढे २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम जाहीर झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. माहिती कशासाठी हवी ते सांगून संमती घ्यावी आणि त्याच कामासाठी ती वापरावी. चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि काम संपल्यावर ती पुसायला सांगण्याचा हक्क माणसाला असावा. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती असावी, असा या कायद्याचा सामान्य रोख आहे. काही अपवाद आहेत, पण मूळ तत्त्व आपल्या आप्पांच्या ओसरीचेच आहे.

आता थोडे व्यवहाराचे. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिले गेले. तेव्हापासून आधारची झेरॉक्स आपण मागेल त्याला देत आलो आहोत. जेथे चालत असेल तेथे पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी. तशी प्रत आधारच्या संकेतस्थळावरून मिळते. अंगठ्याची गोष्ट याहून नाजूक आहे. किल्ली हरवली तर कुलूप बदलता येते. अंगठा बदलता येत नाही. अंगठा लावून खात्यातून पैसे काढण्याची सोय गावोगाव झाली आहे आणि ती उपयोगाचीही आहे. म्हणून ठशांना संकेतस्थळावरून वा आधारच्या ॲपमधून कुलूप लावून ठेवता येते, आणि गरज पडेल तेव्हा उघडता येते. नवे ॲप घेताना ते काय काय मागते तेही वाचावे. विजेरीच्या ॲपला आपल्या सोयऱ्यांचे क्रमांक कशाला हवेत? ‘नको’ म्हणायचे बटण असते, ते दाबावे. फोनवर आलेला आकडा कोणालाही सांगू नये. आणि फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितका पैसा वाटेत अडवला जाण्याचा संभव अधिक.

हे सारे ऐकून फोन टाकून द्यावा असे कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. त्याच फोनवर हवामान कळते, परगावी गेलेल्या लेकीचे तोंड दिसते. आप्पांनी ओसरी मोडून टाकली नाही. फक्त माजघराचे दार लोटले. मीदेखील आता यादी आली की ग्रुपवर हजेरी क्रमांक तेवढे टाकतो आणि बाकीचे ज्याचे त्याला एकेकट्याला सांगतो. दोन दिवसांचे काम असले तर अर्धी रात्र त्यात जाते. जाऊ द्या. ती ठेव माझी नाही.