अंगठा बदलता येत नाही

आधार क्रमांक ही बारा आकड्यांची संख्या आहे. तिच्यात जात, धर्म, गाव, जन्मतारीख असे काहीही दडवलेले नसते. पहिले अकरा आकडे यदृच्छेने निवडलेले असतात आणि बारावा केवळ आधीचे आकडे लिहिताना चूक झाली का, हे तपासण्यापुरता असतो. खरी माहिती त्या संख्येच्या पलीकडे, भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाच्या केंद्रीय कोठारात असते: नाव, पत्ता, जन्मतारीख, लिंग, छायाचित्र, दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांच्या प्रतिमा. प्राधिकरण जानेवारी २००९ मध्ये स्थापन झाले, नंदन निलेकणी त्याचे पहिले अध्यक्ष होते आणि देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी त्या आदिवासी गावात आले होते. तेव्हापासून १३० कोटींहून अधिक क्रमांक दिले गेले आहेत.

ज्याच्याकडे जन्मदाखला नाही, शाळेचा दाखला नाही, भाडेकरार नाही, त्यालाही सरकारदरबारी ओळख मिळावी, हा योजनेचा मूळ युक्तिवाद होता आणि तो पोकळ नव्हता. परगावी कामाला गेलेल्या मजुराला बँकेत खाते उघडताना काय सोसावे लागे, हे आठवणारी पिढी अजून आहे. गोपनीयतेचा प्रश्न निघतो तो या सोयीच्या पुढे: एकदा दिलेली ओळख कोणकोणत्या कामाला वापरली जाते आणि वापराचा माग कोणाकडे साठतो.

अंगठ्याचा ठसा एका कामासाठी घ्यायचा आणि दुसऱ्या कामाला लावायचा, याला जुना इतिहास आहे. १८५८ मध्ये बंगालमधल्या विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला. त्याने शब्द फिरवू नये, एवढाच हेतू होता. १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांची नोंद ठेवणारा विभाग निघाला, तो मात्र गुन्हेगारांसाठी. ठशांचे वर्गीकरण बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या भारतीय कर्मचाऱ्यांचा मोठा वाटा होता. पद्धत ओळखली जाते ती त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांच्या नावाने. आपल्याकडच्या दस्तांवर ‘निशाणी डावा अंगठा’ हे शब्द कित्येक दशके उमटत राहिले. तो अंगठा मात्र त्या कागदापुरताच असायचा. तलाठ्याच्या दप्तरातला ठसा काढून कोणी रेशन दुकानातल्या ठशाशी ताडून पाहत नसे, कारण ते शक्यच नव्हते.

आधारमध्ये ठसे दोन वेगवेगळ्या रीतींनी ताडले जातात आणि हा फरक समजला नाही तर पुढचा वाद उलगडत नाही. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर ग्राहक बोट ठेवतो तेव्हा क्रमांक आधीच कळलेला असतो; प्रश्न एवढाच असतो की, हे बोट त्या क्रमांकाच्या माणसाचे आहे का. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येते. नवी नोंदणी करताना मात्र नव्या माणसाचे ठसे कोठारातल्या सगळ्यांच्या ठशांशी ताडावे लागतात, म्हणजे एकाच माणसाला दोन क्रमांक मिळू नयेत. पहिल्या रीतीत यंत्र एकाला तपासते, दुसरीत कोट्यवधींमधून एकाला शोधते. शोधण्यात चुकीची जुळणी होण्याचा धोका माणसांच्या संख्येबरोबर वाढत जातो. समजा, लाखात एकदाच चूक होते, तरी १३० कोटींच्या कोठारात एका ठशाशी चुकून जुळणारी तेरा हजार माणसे निघतील.

हा हिशेब कागदावर राहिला नाही, तो गोव्यात कोर्टात उभा राहिला. २०१३ च्या जानेवारीत वास्को इथल्या एका शाळेत लहान मुलीवर अत्याचार झाला. तपास करणाऱ्या केंद्रीय अन्वेषण विभागाकडे घटनास्थळावरचे ठसे होते, पण संशयित हाती लागत नव्हता. विभागाने आधारच्या कोठारातली गोव्यातल्या रहिवाशांची बायोमेट्रिक माहिती मागितली आणि दंडाधिकाऱ्यांनी ती देण्याचा आदेश दिला. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. म्हणजे एका गुन्ह्याच्या तपासात सगळे राज्यच संशयितांच्या रांगेत उभे राहणार होते. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेले, तिथून सर्वोच्च न्यायालयात. गंमत अशी की, माहिती देण्याला विरोध करत होते स्वतः प्राधिकरणच. हे ठसे नागरी कामांसाठी, लोकांच्या संमतीने घेतले आहेत, गुन्ह्याच्या शोधासाठी ही यंत्रणा बनलेली नाही आणि तशी वापरली तर निर्दोष माणसे गोवली जातील, असे त्यांचे म्हणणे होते. २४ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लेखी संमतीशिवाय बायोमेट्रिक माहिती कोणत्याही संस्थेला देण्यास मनाई केली. गुन्हा इतका संतापजनक होता की, त्या वेळी माहिती द्यायला हवी होती, असे अनेकांना वाटणे स्वाभाविकच होते. अशी दारे सहसा अशाच प्रसंगी उघडतात.

पुढे २०१६ च्या आधार कायद्यात कलम २९ आले आणि ठसे व बुबुळांच्या प्रतिमा कोणालाही, कोणत्याही कारणासाठी द्यायच्या नाहीत, असे ठरले. कोठार अभेद्य आहे, असे प्राधिकरण सतत सांगत आले आहे आणि केंद्रीय कोठारातून बायोमेट्रिक माहिती चोरीला गेल्याचे सिद्ध झालेले नाही. पण गोपनीयतेचा बहुतेक चुराडा तिजोरीच्या बाहेर झाला. मे २०१७ मध्ये ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’ या संस्थेने दाखवून दिले की, अवघ्या चार सरकारी संकेतस्थळांवर तेरा कोटींच्या आसपास आधार क्रमांक कोणालाही दिसतील असे पडून होते. ते कोणी चोरून नेले नव्हते. पारदर्शकतेच्या नावाखाली लाभार्थ्यांच्या याद्या जशाच्या तशा चढवल्या होत्या. जानेवारी २०१८ मध्ये ‘द ट्रिब्यून’च्या बातमीदाराने पाचशे रुपये मोजून, क्रमांक टाकताच नाव-पत्ता-फोन दाखवणारा प्रवेश मिळवला. बायोमेट्रिक माहिती सुरक्षित असल्याचे प्राधिकरणाने सांगितले आणि बातमीदाराचे नाव असलेली तक्रार पोलिसांत दिली. याच महिन्यात सोळा आकड्यांच्या, हवा तेव्हा बदलता येणाऱ्या ‘व्हर्च्युअल आयडी’ची घोषणा झाली. सोय चांगली आहे. ती वापरणारा माणूस मात्र शोधावा लागतो.

बोटांच्या ठशांचे तर आणखी वेगळे. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. अंगठा आयुष्यभर तोच राहतो आणि दिवसभरात शेकडो वस्तूंवर उमटतो. २०१८ मध्ये तेलंगणात सिमकार्ड विकणाऱ्या एकाने जमीन नोंदणीच्या संकेतस्थळावरून दस्त उतरवले, त्यांवरच्या अंगठ्यांचे रबरी ठसे केले आणि ते वापरून दुसऱ्यांच्या नावावर सिमकार्डे चालू केली. मालकी पारदर्शक व्हावी म्हणून दस्त सार्वजनिक केले, अंगठा ओळखीची किल्ली झाली आणि या दोन निर्णयांची गाठ कोणी घालून पाहिलीच नाही. पुढे हीच युक्ती आधारवर चालणाऱ्या बँक व्यवहारांत शिरली. गावातल्या बँक मित्राच्या मशीनवर आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि ठसा एवढ्यावर पैसे काढता येतात, ओटीपी लागत नाही. साध्या मोबाइललाही महाग असलेल्या माणसासाठी हे वरदान. सिलिकॉनचा अंगठा बनवणाऱ्यासाठीही. २०२३ मध्ये प्राधिकरणाने बोट जिवंत आहे का, हे तपासणारी नवी पद्धत आणली. आपली बायोमेट्रिक माहिती कुलूपबंद करण्याची सोयही आहे, पण ज्याचे पैसे अंगठ्यावर अवलंबून असतात, त्यालाच हे कुलूप परवडत नाही.

माग साठण्याचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. कायद्याच्या कलम ३२ नुसार पडताळणी कशासाठी झाली, हे प्राधिकरणाने नोंदवायचे नसते. पण कोणत्या संस्थेने, कधी विचारणा केली, याची नोंद राहते आणि संस्थेच्या नावावरून कारण ताडायला फारशी अक्कल लागत नाही. त्याहून मोठा धोका वेगवेगळ्या दप्तरांचा आहे. रेशन, बँक, पॅन, मोबाइल, दवाखाना, शिष्यवृत्ती, प्रत्येकाकडे माणसाचा एक तुकडा असतो. सगळीकडे एकच क्रमांक असला की ते तुकडे एका दोऱ्यात ओवता येतात. आज ते कोणी ओवले आहेत, असा आरोप करण्याची गरज नाही. दोरा तयार आहे, एवढे पुरेसे आहे.

संमतीचा शब्द या व्यवस्थेत पावलोपावली येतो. २०१७ मध्ये एका मोठ्या मोबाइल कंपनीच्या ग्राहकांनी सिमकार्डाच्या पडताळणीसाठी अंगठा दिला आणि त्याच अंगठ्यावर कंपनीच्या पेमेंट बँकेत त्यांची खाती उघडली गेली. गॅसचे अनुदान नेहमीच्या बँकेऐवजी तिथे जमा होऊ लागले. प्राधिकरणाने कंपनीचा परवाना काही काळ रोखला. ग्राहकाला मशीनवर बोट ठेवताना मशीन काय विचारते आहे, हे दिसत नाही. म्हणूनच दुकानदार, एजंट, कारकून यांच्या प्रामाणिकपणावर सगळे तोलले जाते. आणि नकार दिला तर धान्य, पेन्शन, अनुदान अडते, अशा ठिकाणी संमतीला कितपत संमती म्हणायचे, हा प्रश्न उरतोच. कष्टकऱ्यांची झिजलेली बोटे, म्हाताऱ्यांच्या पुसट रेषा हे दुखणे तर रेशन दुकानात रोजचे.

कायदेशीर लढाई २०१२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेने सुरू झाली. तोवर योजनेमागे कायदाच नव्हता. २०१० चे विधेयक यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने डिसेंबर २०११ मध्ये फेटाळण्याजोगे ठरवले होते. २०१५ मध्ये महान्यायवादी मुकुल रोहतगी यांनी, भारतीय राज्यघटनेत गोपनीयतेचा मूलभूत हक्कच नाही, असा पवित्रा घेतला. आधार होता १९५४ आणि १९६२ च्या दोन जुन्या निकालांचा. त्यामुळे आधीच्या पीठांपेक्षा मोठे, नऊ न्यायमूर्तींचे पीठ बसवावे लागले आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी त्याने एकमताने निकाल दिला: गोपनीयता हा जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचा भाग आहे. सरकारने हा युक्तिवाद केला नसता, तर हा हक्क इतक्या ठामपणे कदाचित लिहिला गेलाच नसता.

दरम्यान मार्च २०१६ मध्ये आधारचा कायदा धन विधेयक म्हणून संमत झाला होता. धन विधेयकावर राज्यसभेला केवळ शिफारशी करता येतात. तिने सुचवलेल्या दुरुस्त्या लोकसभेने नाकारल्या. अडतीस दिवसांच्या सुनावणीनंतर २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला. न्या. ए. के. सिकरी यांनी लिहिलेल्या बहुमताने योजना टिकवली: सरकारी लाभांसाठी आणि पॅनसाठी आधार सक्तीचे ठेवता येईल. पण बँक खाते आणि सिमकार्डाला जोडण्याची सक्ती गेली, खासगी कंपन्यांना दार उघडणारा कलम ५७ मधला भाग रद्द झाला आणि पडताळणीच्या नोंदी पाच वर्षे ठेवण्याची तरतूद जाऊन सहा महिन्यांची मर्यादा आली. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी एकट्याने विरोधी मत दिले. धन विधेयकाचा मार्ग म्हणजे घटनेशी केलेली लबाडी आहे आणि संपूर्ण कायदाच घटनाबाह्य आहे, असे त्यांनी नोंदवले. भारतात ते मत अल्पमतच राहिले. जमैकाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र एप्रिल २०१९ मध्ये तिथला ओळख कायदा रद्द करताना त्याचाच आधार घेतला.

न्यायालयाने लावलेले दार पुढे किलकिले होत गेले. २०१९ च्या दुरुस्तीने बँक आणि मोबाइल कंपन्यांना ‘ऐच्छिक’ वापराची मुभा मिळाली. त्याच दुरुस्तीत सामान्य माणसाला स्वतः तक्रार दाखल करण्याचा हक्कही आला. तोवर आपली माहिती फुटली तरी कोर्टात तक्रार फक्त प्राधिकरण करू शकत असे. जानेवारी २०२५ मध्ये नियम बदलून, मंजुरी घेऊन खासगी संस्थांनाही काही सेवांसाठी पडताळणी करता येईल, असे झाले. माहिती संरक्षणाचा सर्वसाधारण कायदा मात्र रेंगाळला. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने मसुदा जुलै २०१८ मध्ये दिला, कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि त्यांतल्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतरही दीड वर्षाने लागू व्हायच्या आहेत. क्रम उलटा झाला: आधी शंभर कोटींहून अधिक माणसांची माहिती गोळा झाली, राखणीचा कायदा मागून आला. शिवाय सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे.

मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने एक सूचना काढली होती: आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ वापरा. गैरसमज होईल म्हणून ती दोन दिवसांत मागे घेतली गेली. एव्हाना लॉज, सोसायटी, भाडेकरूची पोलीस नोंद, नोकरीचा अर्ज, अशा ठिकाणी ती प्रत मागण्याची सवय पक्की झालेली होती. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नागरिकाला आपल्या क्रमांकाची गेल्या सहा महिन्यांत कोणी पडताळणी केली, याची यादी पाहता येते. तारीख, वेळ आणि संस्थेचे नाव तिच्यात असते. लॉजच्या काउंटरखालच्या फायलीत पडलेली झेरॉक्स त्या यादीत येत नाही.